पळून आली

माहेरी तिला भिंगरी म्हणत. हे नाव थोरल्या भावाने ठेवलं होतं. तो सांगे, ही चालायला कधी शिकलीच नाही. एक दिवस बसलेली उठली ती थेट पळाली, आणि मग चालायचं राहूनच गेलं. पाण्याचा तांब्या आणायला सांगा, पळत जाणार. शाळेत निघाली, पळत निघणार. आई कपाळाला हात लावून म्हणे, "हिच्या पायाला भिंगरी बांधलीय देवाने, सोडायची विसरला."

सासरी तिचं कागदावरचं नाव काही महिने टिकलं. मग एकदा भाऊ भेटायला आला, बोलता बोलता "भिंगरे, पाणी आण गं" म्हणाला, आणि नवऱ्याने ते नाव उचललं ते कायमचंच. त्याला माणसांना नावं द्यायची फार हौस. तो पावाच्या भट्टीवर रात्रपाळीला होता. रात्रभर पीठ मळता मळता बहुधा हेच त्याच्या डोक्यात चालत असावं. थोरली मुलगी सात वर्षांची, घरात कोणी चप्पल वाकडी काढली तरी तिला खपत नसे, म्हणून ती हवालदार. धाकटी चार वर्षांची. ती खालची खबर वर आणि वरची खाली पोचवी, म्हणून ती बातमीदार. आणि पाळण्यातला तो साहेब, कारण घरातली सगळी माणसं त्याच्या हाताखाली होती.

स्वतःच्या आईला मात्र त्याने नाव दिलं नव्हतं. तिथे हिंमत झाली नसावी.

सासूबाई तारघरात नोकरीला होत्या. तारेत शब्दाला पैसे पडत, आणि पैसे भरणाऱ्याचे शब्द कमी करून देण्यात त्यांचा हातखंडा होता. लोक मोठा मजकूर घेऊन येत, त्या पेन्सिलने इकडे एक रेघ, तिकडे एक रेघ मारून तीन-चार शब्दांत आणत, वर म्हणत, "कळतं." तारघर बंद होऊन किती वर्षं झाली, पण त्यांच्या जिभेला लागलेली सवय गेली नाही. जेवायला बसा म्हणायचं तर त्या "पानं" म्हणत. सून पहिल्यांदा घरात आली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी एकच शब्द उच्चारला होता: "बरं." भिंगरीला ते फार लागलं होतं. पुढे तिला समजलं की सासूबाईंच्या हिशेबात हा आशीर्वादच होता आणि तोही उदार हाताने दिलेला.

शिंपीणकाकूंच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर यांचं घर. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि रस्त्यावरची एक रुंद खिडकी. जिना लोखंडी. त्यावरून मांजर उतरलं तरी खालच्या दुकानात कळे आणि वर मुलांची झोप मोडे. म्हणून भिंगरी पहाटे बूट हातात घेऊन अनवाणी उतरायची आणि अगदी खालच्या पायरीवर बसून नाड्या बांधायची.

ती रोज पळायला जायची. साहेबांच्या जन्मानंतर डॉक्टरीणबाईंनी हळूहळू सुरू करायला हरकत नाही म्हटल्यावर तिने जे सुरू केलं ते सोडलं नाही. नवरा भट्टीवरून परतायचा, त्याच्या भुवयांवर पीठ आणि काखेत गरम पावाची पुडी असायची. ती दारातच उभी असायची.

"आलो गं."

"साहेबांचं दूध झालंय. हवालदार रात्री शिंकत होती, पांघरूण काढू देऊ नका."

"बरं. जा तू. पाव गरम आहे तोवर ये."

एवढ्यात घर एका हातातून दुसऱ्या हातात जाई. तो मुलांशेजारी आडवा झाला की लाकूड. सासूबाई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत. मुलं झोपलेलीच असत, आणि ती परत येईपर्यंत बहुधा झोपलेलीच राहत. निदान तिची तशी समजूत होती.

कोपऱ्यावरचा दूधवाला, बंद दुकानांच्या फळ्या, मग नदीचा रस्ता आणि त्याच्या टोकाला पूल. पुलाचा लोखंडी कठडा दवाने ओला असे. त्यावर तळहात टेकवायचा, एक मोठा श्वास घ्यायचा आणि वळायचं. तेवढ्या वेळात तिला कोणी हाक मारत नसे. बाकी दिवसभर तिला कोणी ना कोणी हाक मारतच असे. आई, भिंगरे, सूनबाई, ताई. आणि दुकानात तर "अहो चष्मेवाल्या बाई".

ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करी. आलेली गोल काच चाकावर पाणी सोडत घासायची, फ्रेमच्या आकाराला आणायची, कडा बोटाने तपासायची, मग फ्रेम गरम करून त्यात अलगद बसवायची. बसून करायचं काम, मान खाली, पाय स्टुलाला लोंबकळलेले. दुकानाचे मालक, त्यांना सगळे काका म्हणत, तिची थट्टा करत. "तू लोकांना लांबचं दाखवतेस आणि स्वतः पहाटे लांब जाऊन बघून येतेस होय!" ती म्हणे, "काका, पाय सकाळी दमवून आणले की दिवसभर गप बसतात. नाहीतर स्टुलासकट पळतील."

आता झालं असं.

शेजारच्या गल्लीतल्या कोणाची तरी मुलगी कोणाबरोबर तरी निघून गेली. खाली काकूंच्या दुकानात ब्लाउजची मापं देता देता बायकांना दुसरा विषय नव्हता. बातमीदार तिथे चिंध्या गोळा करायला बसलेली असे. कापडाच्या ढिगाऱ्यात ती दिसत नसे, म्हणून बोलणाऱ्यांना भान राहिलं नाही. तिने दोन वाक्यं नीट ऐकली. एक, "पहाटे पळाली म्हणे, कोणाला पत्ता नाही." आणि दुसरं, "पळालेली कसली परत येते आता!"

त्याच आठवड्यात एका पहाटे साहेब खोकला, आणि बातमीदाराला जाग आली. शेजारी बाबांचं लाकूड पडलेलं. आई नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"आजी, आई कुठाय?"

सासूबाई चहाची पत्ती चमच्यात मोजत होत्या. "पळाली," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या कोणी "पळायला गेलीय गं, येईल इतक्यात" असं म्हटलं असतं. सासूबाईंच्या दृष्टीने त्यातले बरेचसे शब्द फुकट होते.

मुलगी परत अंथरुणात जाऊन पडली. थोड्या वेळाने आई आली, तिला घामाचा वास येत होता, तिने सगळ्यांना उठवलं, वेण्या घातल्या. आज आली, एवढं खरं. उद्याचं कोणी सांगावं?

बातमी एवढी मोठी होती की आठवडाभरातच बातमीदाराला ती पोटात ठेवणं जड गेलं. बालवाडीच्या बाई नवीन होत्या, वयाने लहान, मनाने फार मऊ. त्या रोज मुलांना गोलात बसवून विचारत, "आज सकाळी तुमच्या आईने काय केलं?" कोणाच्या आईने केस धुतले होते, कोणाची आई बाबांना ओरडली होती. बातमीदाराची पाळी आली.

"माझी आई पळून गेली," ती म्हणाली. आणि बाईंचा चेहरा बघून तिने पुढे सांगितलं, "रोज जाते."

हे 'रोज' बाईंना ऐकूच आलं नाही. त्यांनी मुलांना रंगाच्या कांड्या दिल्या आणि तडक फोन लावला. पुढचं संभाषण भिंगरीला दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा ऐकायला मिळालं की तिला ते पाठ झालं.

"आजी, मी बालवाडीच्या बाई बोलतेय. तुमच्या सूनबाई आहेत का घरी?"

"नाहीत."

"म्हणजे... छोटी सांगते ते खरंय? पळाल्या त्या?"

"हो."

"अगं बाई! कधी?"

"पहाटे."

"कोणाबरोबर?"

सासूबाईंना हा प्रश्न जरा अजब वाटला. "एकटीच."

"आणि तुम्ही अडवलं नाहीत त्यांना?"

"कशाला?"

"मुलांच्या बाबांना कळलंय?"

"झोपलेत."

"काही ठेवून गेल्यात का हो मागे? चिठ्ठी वगैरे?"

सासूबाईंनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. "भाजी," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दुपारी बाई स्वतः बातमीदाराला पोचवायला आल्या. वर जायचा धीर होईना, म्हणून आधी काकूंच्या दुकानात शिरल्या. काकूंनी ऐकलं आणि मापाची फीत गळ्यातच राहिली. "आमची भिंगरी? छे हो!" मग जरा थांबून, "पण पहाटे जिना वाजत नाही हल्ली. मी म्हणायचे, ही इतकी हळू का उतरते!" भिंगरीचे वडील घड्याळं दुरुस्त करत आणि काकूंच्या शिलाईच्या यंत्राला तेलही तेच देत. काकूंकडे त्यांचा नंबर होता. काकूंनी तो फिरवला.

वडील बस पकडून आले. सोबत रिकामी पिशवी. कशाला आणली, त्यांनाही सांगता येईना. नातवंडांचे कपडे भरायला असावी.

वर आता बैठक भरली. बाई, काकू, वडील, सगळे ओळीने बसलेले. सासूबाईंना वाटलं, आज काय सगळ्यांनाच यायचं सुचलं? त्यांनी चहा टाकला. मागच्या खोलीत नवरा घोरत होता. त्याच्याकडे बघून काकू कुजबुजल्या, "बिचाऱ्याला अजून पत्ताच नाही." वडिलांनी घसा साफ केला.

"विहीणबाई, घडलं ते घडलं. तुमचं मन किती मोठं, तुम्ही चहा करताय."

"साखर?" सासूबाईंनी विचारलं.

"ती... काही बोलली होती का? कधी परत वगैरे?"

"संध्याकाळी."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकूंनी डोळ्याला पदर लावला. त्यांना वाटलं, म्हातारीला अजून आशा आहे.

या बोलण्याने म्हणा किंवा चहाच्या वासाने म्हणा, नवरा उठून बाहेर आला. केस उभे, गालावर उशीची घडी. समोर सासरे बघून तो दचकला आणि बनियन नीट करू लागला. वडिलांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, धीर धरा. भिंगरी पळाली."

"हो," तो जांभई देत म्हणाला. "मग?"

"मग काय! पळाली म्हणतोय मी!"

"अहो बाबा, ती कधी पळत नाही ते सांगा."

इतक्यात जिना वाजला. संध्याकाळी ती बूट-चप्पल घालूनच, धडाधड चढायची. दार उघडून भिंगरी आत आली तेव्हा सगळी बैठक तिच्याकडे अशी बघत होती, की तिने आधी मागे वळून पाहिलं, आपल्या पाठोपाठ कोण आलं म्हणून.

"बाबा? तुम्ही कसे? आई, काय झालं? साहेब बरा आहे ना?"

"बरा," सासूबाई म्हणाल्या. "चहा?"

उलगडा व्हायला वेळ लागला, कारण सगळे एकदम बोलत होते. पण 'भाजी'पर्यंत आल्यावर नवऱ्याने जमिनीवर बसकण मारली आणि पोट धरून हसू लागला. काकू हसता हसता रडल्या. बाई लाल झाल्या, मग त्याही हसल्या. वडील मात्र छाती पुढे काढून म्हणाले, "मला बसमध्ये तेच वाटत होतं. माझी पोरगी खरंच पळाली असती तर शोधून काय उपयोग? शाळेत असताना कोणाच्या बापाला धरता आली नाही ती." हवालदार शाळेतून आली, तिने सगळ्यांच्या चपला दारात ओळीने लावल्या आणि विचारलं, "हे सगळे का हसतायत?"

बातमीदार तेवढी हसली नाही. ती टेबलाखाली चिंधीच्या बाहुलीला घट्ट गुंडाळत बसली होती.

भिंगरीने ते पाहिलं. पाव्हणे गेले, जेवणं झाली, मुलींची अंथरुणं घातली. ती बातमीदाराच्या केसांतून हात फिरवत होती, तेव्हा मुलीने डोळे मिटूनच विचारलं, "उद्या पळून जाणार?"

"अगं, पळून नाही. पळायला. व्यायाम असतो तो, वेडे."

"बरं."

ते 'बरं' अगदी आजीचं होतं. त्यातून काहीच समजायला वाव नव्हता. मग पलीकडच्या उशीवरून हवालदार बोलली. तिला खरं दडवता येत नसे.

"आई, ती रोज पहाटे जागीच असते. तू कडी काढलीस की तिला ऐकू येतं. नंतर जिना वाजत नाही ना, म्हणून ती घाबरते. म्हणते, आई गेली तरी आवाज येत नाही. मी तिचा हात धरून ठेवते, तू येईपर्यंत."

मुलांची झोप मोडू नये म्हणून भिंगरी इतके दिवस अनवाणी उतरत होती. आणि त्या गपचूप उतरण्यालाच लेक भीत होती.

तिने उठून बूट उचलले, कापडाने पुसले आणि कपाटावर, जुन्या पत्र्याच्या पेटीमागे ठेवून दिले.

"हे काय?" नवरा भट्टीवर निघता निघता म्हणाला.

"राहू दे थोडे दिवस."

"थोडे म्हणजे?"

"मोठी होऊ दे ती."

"भिंगरे, मागून साहेब आहेत. ते मोठे होईपर्यंत तुझे गुडघे निवृत्त होतील."

"होऊ देत. पोरगी पहाटे भिऊन जागी राहते, आणि मी पुलाला हात लावत फिरते? मला नाही जमायचं."

त्याने पुढे वाद घातला नाही. तो नावं देण्यात पटाईत होता, पण कुठे गप्प बसावं हेही त्याला कळे.

पुढचे दिवस काही वाईट गेले असं म्हणता येणार नाही. पहाटे ती घरीच होती, मुली उठत तेव्हा समोर होती, पाव गरम असतानाच सगळ्यांनी खाल्ला. बातमीदार गाढ झोपायला लागली. पण घरात काहीतरी बिनसलं होतं. दूध उतू गेलं. वेणी घालताना फणी जरा जास्तच जोरात फिरू लागली. "आई, हे केस आहेत, घासणी नाही," हवालदाराने तक्रार केली. दुकानात एकाच दिवशी दोन काचांची कड उडाली, तेव्हा काका म्हणाले, "ताई, एक दिवस जा बाई कुठेतरी पळून." म्हणाले आणि जीभ चावली, कारण ती कथा त्यांच्यापर्यंतही पोचली होती. भिंगरी हसली. पण स्टुलाखाली तिचे पाय आपोआप हलत होते, कुत्रं झोपेत पळतं तसे.

हे सगळं सासूबाई बघत होत्या. त्यांना काळजी लागली की त्यांचं बोट टेबलावर आपोआप वाजू लागे, कट्ट, कडकट्ट, कट्ट, जुन्या यंत्रावर वाजायचं तसं. ते आठवडाभर वाजत होतं. एका दुपारी त्यांनी बातमीदाराला समोर बसवलं. भिंगरीला त्या दिवशी सुट्टी होती, ती आत साहेबाला झोपवत होती, आणि तिने जे ऐकलं त्यावर आधी तिचा विश्वास बसेना. सासूबाई वाक्यं बोलत होत्या. सबंध.

"तार माहितीय?"

"नाही."

"लांबच्या माणसाला निरोप पाठवायचा. शब्द थोडे. पण पुरे पडले पाहिजेत. एखादा गळला तर समोरचा माणूस रडत बसतो."

"मग?"

"तुला मी एक तार दिली त्या दिवशी. पळाली म्हटलं. ती अर्धी होती. माझी चूक."

"उरलेली कुठाय?"

"इथेच होती. मीच दिली नाही." सासूबाई थांबल्या. त्यांना दम लागला असावा. "आली. हा शब्द राहिला. तुझी आई पळून जात नाही. पळून येते."

मुलगी विचारात पडली. तिने ते दोन शब्द तोंडात घोळवून बघितले. "पळून आली," ती म्हणाली. "पळून... आली." मग संशयाने, "तू बघितलंस येताना?"

"नाही."

"मग तुला काय माहीत?"

सासूबाईंनी खिडकीकडे बघितलं. "बघू," त्या म्हणाल्या. "दोघी. खिडकीत."

आणि स्टुलावर चढून, या वयात, त्यांनी स्वतः कपाटावरून बूट खाली काढले. भिंगरी धावत बाहेर आली, "अहो आई, पडाल!" तर त्यांनी बूट तिच्या हातात दिले आणि नेहमीच्या मापावर परत आल्या.

"उद्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंगरी बूट घालूनच जिना उतरली, चांगला खणखण वाजवत. खालून काकूंचा आवाज आला, "अगो, ही गेली का गं?" वरून सासूबाईंनी खिडकी उघडली. शालीत गुंडाळलेली बातमीदार त्यांच्या मांडीवर बसली होती, नाक चौकटीला लावून.

नदीच्या सरळ रस्त्याने गेलं तर खिडकीतून काही दिसणार नाही, हे भिंगरीच्या ध्यानात होतं. म्हणून तिने पुलाचा नाद सोडला. आपल्याच चौकाला फेऱ्या मारायच्या ठरवल्या. दूधवाल्यापासून वळायचं, शाळेच्या भिंतीने जायचं, मागच्या गल्लीतून परत खिडकीखाली. पहिली फेरी पुरी करून ती आली तर वरून आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"आली! आई पळून आली!"

आणि ती पुढे निघाल्यावर, "गेली!"

आणि पुन्हा, "आली!"

समोरच्या घरात एक खिडकी उघडली. "अहो, आलीय की गेलीय, एकदा काय ते ठरवा की!" एक झोपाळू आवाज ओरडला. नवरा आतून म्हणाला, "बातमीदार, जरा हळू आवाजात प्रसारण करा." पण त्यालाही हसू आवरत नव्हतं. सासूबाई मुलीच्या पाठीवर बोटाने वाजवत होत्या. गेली तेव्हा एक टिचकी, आली तेव्हा दोन.

असं कित्येक दिवस चाललं. गल्लीला सवय झाली. दूधवाला भिंगरीला बघून म्हणे, "ताई, तेलाच्या घाण्याला जुंपल्यासारख्या फिरताय!" खरं होतं ते. फेऱ्या कंटाळवाण्या होत्या. प्रत्येक वळणावर तिला नदीचा रस्ता दिसायचा आणि तिचे पाय तिकडे ओढ घ्यायचे, दोरीला ओढणाऱ्या वासरासारखे. पण वरून 'आली' ऐकलं की पाय परत ताळ्यावर येत. शिवाय तिच्या येण्याची अशी दवंडी आजवर कोणी पिटली नव्हती. तिला ते आवडत होतं, आणि आपल्याला ते आवडतंय याची थोडी लाजही वाटत होती.

मग एक दिवस ती वळून खिडकीखाली आली आणि वरून आवाज आला नाही.

तिने वर पाहिलं. खिडकी उघडी होती. कोणी दिसेना. ती दोन-दोन पायऱ्या चढून वर गेली.

बातमीदार आजीच्या मांडीत गाढ झोपली होती. तोंड उघडं, एक हात खाली लोंबत, शाल घसरलेली. आईची पहिली फेरी पाहून तिने 'आली' म्हटलं होतं, आणि दुसरीची वाट बघण्याइतकी तिला आता काळजी उरली नव्हती. हवालदार शेजारच्या अंथरुणात पालथी पडून घोरत होती. तिचाही हात आता मोकळा होता.

सासूबाईंनी मान वर केली. मांडीला मुंग्या आल्या असाव्यात, पण त्या हलल्या नव्हत्या.

"जा," त्या कुजबुजल्या. आणि मग, जणू आयुष्यभर वाचवलेल्या शब्दांतले थोडे खर्चायला काढावेत तसं, "पुलापर्यंत जा. सावकाश ये. ही उठली तर मी पुरी तार देईन."

नदीचा रस्ता होता तसाच होता. झाडांना तेवढी नवी पानं आली होती. ती पळाली ती अशी, की वडिलांनी पाहिलं असतं तर सगळी घड्याळं बाजूला ठेवून उभे राहिले असते. पुलाचा कठडा दवाने ओला होता. तिने दोन्ही तळहात त्यावर टेकवले, जरा वेळ तसेच ठेवले, आणि वळली.

घरी आली तेव्हा नवऱ्याने पाव कापला होता. आंघोळ-बिंघोळ नंतर, ती आधी खिडकीपाशी गेली आणि मुलीच्या गालावर तळहात ठेवला.

"ई, गार!" बातमीदार डोळे न उघडता म्हणाली. मग एक डोळा उघडून, "लोखंडाचा वास येतोय."

"पुलाचा आहे. पुलाला हात लावून आले."

मुलीने तो हात नाकाशी नेला, खात्री केली, आणि तसाच गालाखाली घेऊन परत डोळे मिटले. भिंगरीला अर्धवट वाकून उभं राहावं लागलं. पाव गार होत होता, साहेब पाळण्यात रडायला लागला होता, पण ती थोडा वेळ तशीच राहिली.

त्या दिवशी बालवाडीत बाईंनी मुलांना गोलात बसवून तोच प्रश्न विचारला. बातमीदाराची पाळी आल्यावर त्यांनी सावधपणे पेन्सिल खाली ठेवली.

"माझी आई पळून आली," ती म्हणाली.

"कुठून गं?"

"पुलावरून. लांब आहे तो. मी झोपले होते."